मौलमेनचा निरोप

अंबूआत्याला इंग्रजी येत नाही, ही आमच्या स्टॅनमोरच्या घरात इतकी जुनी आणि पक्की गोष्ट होती की तिच्याबद्दल कुणी कधी विचारही करत नसे. मीटर जिन्याखाली आहे, मागचं दार पावसात फुगतं, आणि अंबूआत्याला इंग्रजी येत नाही. ती माझ्या बाबांची आत्या, माझ्या आजोबांची धाकटी बहीण. बाबांची आई ते अगदी लहान असताना गेली, आणि लढाई संपल्यावर ब्रह्मदेशातून एकटीच मिरजेला परतलेल्या या बिनलग्नाच्या आत्याने त्यांना वाढवलं. बाबांना लंडनमध्ये नोकरी लागली, घर झालं, तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते तिला बोलावून घेण्याचं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्या दिवसापासून तिची दुभाषी मी. डॉक्टरांकडे, चष्म्याच्या दुकानात, कौन्सिलच्या ऑफिसात मी तिच्याबरोबर असायची. डॉक्टर विचारायचे, मी मराठीत सांगायची, ती मान हलवायची किंवा दोन शब्द बोलायची, ते मी परत इंग्रजीत करायची. माझं मराठी टिकलं ते यामुळेच. "माझा पुस्तक" म्हटलं की ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची, आणि मी "माझं" म्हणेपर्यंत काम पुढे सुरू करायची नाही. आज हे सगळं मी मराठीत लिहू शकते आहे, ते तिच्या त्या थांबण्यामुळे.

कुणी इंग्रजी बोलू लागलं की तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मला अजून दिसतं. म्हाताऱ्या माणसांना परकी भाषा कानावर पडली की ती गोंधळतात, हसतात, कुणाच्या तरी तोंडाकडे बघतात. तिचं तसं नव्हतं. तिचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा व्हायचा. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. माझी एक मैत्रीण एकदा घरी आली होती, ती म्हणाली, तुझी ती आत्या घरात असून नसल्यासारखी वाटते. मी हसले होते.

घरातली इस्त्री फक्त ती करायची. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की किचनमध्ये बोर्ड उघडायची, मागच्या खिडकीची काच वाफेने धूसर व्हायची, आणि कोमट सुती कपड्यांचा तो वास जिन्यापर्यंत पोचायचा. इस्त्री लावण्याआधी ती प्रत्येक शर्टाची कॉलर उलटून बघायची आणि प्रत्येक खिसा चाचपायची. जे निघेल ते एका बशीत ठेवायची. बाबांचं ट्रेनचं तिकीट, माझ्या ब्लेझरमधली टॉफी, आईच्या एप्रनमधली तिच्या फार्मसीतली चिठ्ठी. मग सहज बोलल्यासारखं बोलायची. "तुझ्या बाबांना बुधवारी बाहेरगावी जायचंय. दोन शर्ट आधी मागितलेत." किंवा, "शेजारच्यांकडे पाहुणा आलाय. दोरीवर मोठ्या मापाचा पायजमा आहे." तिचं कधी चुकायचं नाही. आम्ही त्याची गंमत करायचो.

ब्रह्मदेशाबद्दल ती बोलायची ती फक्त जेवणापुरती. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा ती खाउ स्वे करायची. आईच्या मोठ्या पातेल्यात नारळाचं दूध, भाजलेलं बेसन, कांदा, हळद, आणि सुपरमार्केटमधली स्पॅगेटी. वरून तळलेला लसूण आणि उकडलेलं अंडं. तिकडे याच्याबरोबर काय काय असतं ते ती सांगायची. लिंबं कशी असायची, वाडगे कसे असायचे, मौलमेनच्या बाजारात टेकडीच्या पायथ्याशी ते विकणारी बाई किती लठ्ठ होती. कुणी म्हटलं, "आणि मग, आत्या, लढाईत काय झालं?" की ती म्हणायची, "मग काय, पळापळ," आणि वाढायला लागायची.

आणि पाणी. आपल्याकडे आलेल्या माणसाला पाणी देतातच, पण तिचं ते वेगळं होतं. गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस, खिडक्या पुसणारा, रविवारी धर्माचे कागद वाटणाऱ्या दोन बायका, दारात कुणीही आलं की ती भरलेला ग्लास घेऊन उभी. तो माणूस "नो थँक्स लव्ह" म्हणायचा, ती कोऱ्या चेहऱ्याने ग्लास पुढे धरून उभीच राहायची, आणि त्याने तो संपवेपर्यंत हलायची नाही. आईला त्याची लाज वाटायची.

आईबद्दल इथे सरळ लिहायला हवं. ती वाईट नव्हती. दिवसभर फार्मसीत उभी राहायची, घरी येऊन पुन्हा उभी राहायची. तीन खोल्यांच्या घरात नवऱ्याची आत्या सात वर्षं राहते आहे, आणि कधी जाणार हे कुणी बोलत नाही, हे तिला जड जात होतं. आणि बोलायचं झालं की आईबाबा इंग्रजीत बोलायचे. आमच्या घरात मराठी ही उघडी भाषा होती आणि इंग्रजी झाकण्याची. पगार, माझे मार्क, बाबांच्या छातीतली कळ, सगळं इंग्रजीत, आणि सगळं अंबूआत्यासमोर. ती मटार सोलत बसलेली असायची आणि आई इंग्रजीत म्हणायची, "मिरजेला तिचे भाचे आहेत ना? मग आपणच का? मला माझ्या घरात कधीतरी एकटीला बसायचंय." बाबा म्हणायचे, "हळू." आई म्हणायची, "हळू कशाला? तिला कुठे कळतंय." मटाराचे दाणे टपटप पातेल्यात पडत राहायचे.

मी ओ-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वर्षाला होते तेव्हा ते पत्र आलं. पाकिटावर आधी मिरजेचा पत्ता होता, तो खोडून बाबांच्या चुलतभावाने आमचा लिहिला होता. मूळ पत्र मात्र बर्मिंगहॅमहून निघालेलं, म्हणजे अर्ध्या जगाला वळसा घालून शंभर-सव्वाशे मैलांवरून आलेलं. आईबाबा कामावर होते. आत्या म्हणाली, "वाच बघू." मी नेहमीसारखं आधी इंग्रजीत मोठ्याने वाचलं, कारण मला तसं वाचल्याशिवाय अर्थ लावता यायचा नाही, आणि मग मराठीत सांगायला लागले.

लिहिणारी जोन वेदरबी नावाची शाळामास्तरीण होती. तिचे वडील राल्फ वेदरबी ती दीड वर्षाची असताना लढाईवर गेले. जपान्यांच्या ताब्यातल्या ब्रह्मदेशात, डोंगरात, पॅराशूटने उतरवलेल्या माणसांत ते वायरलेसवर होते. ते पकडले गेले आणि परत आले नाहीत. सरकारने फक्त 'बेपत्ता, बहुधा मृत' एवढंच कळवलं. आता खूप वर्षांनी एका निवृत्त मेजरने तिला सांगितलं होतं की मौलमेनमध्ये, जपानी लष्करी पोलिसांच्या ठाण्यातच, आपली एक हिंदुस्थानी मुलगी कपडे धुवायला होती. ती बातम्या काढून बाहेर पाठवायची. तिचं नाव अंबिका, आणि लढाईनंतर ती मिरजेला गेली. तिला माझे वडील दिसले असतील का? मी येऊन भेटू का?

मी हे सगळं मराठीत सांगत होते आणि मला वाटत होतं, माणूस चुकलाय. आमची अंबूआत्या? गुप्तहेर? पत्राच्या मध्यावर एक वाक्य होतं, 'त्यांना फार त्रास झाला का, एवढं मला समजलं तरी चालेल.' ते मी गाळलं. पंधरा वर्षांच्या मुलीने म्हातारीला असलं काही कसं सांगायचं? मी "येऊ का, असं विचारते आहे" म्हणून पत्र मिटलं.

आत्या म्हणाली, "तिला लिही, ये म्हणून. शनिवारी ये. आणि लिही, की हो, त्रास झाला."

मी पत्र पुन्हा उघडून बघितलं. ते वाक्य मी वाचलं होतं, पण फक्त इंग्रजीत. मान वर केली तेव्हा ती उठून सिंकपाशी गेली होती. मी तिला काही विचारलं नाही. आईबाबांना पत्राचं सांगितलं, हे नाही. तो आठवडा मी शाळेत काय शिकले ते मला आठवत नाही.

शनिवारी दुपारी जोन आली. चाळिशी ओलांडलेली, उंच, तपकिरी कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. आईने पोहे केले होते, शिवाय दुकानातला केक आणला होता. बाबा टाय लावून बसले होते. आत्या नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसली होती. तिने जोनपुढे आधी पाणी ठेवलं. जोनने ते सगळं प्यायलं. मग पर्समधून एक फोटो काढून आत्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला विचारशील का, हा माणूस तिने पाहिला होता का?"

मी तोंड उघडलं. आत्याने हात वर केला. "नीलू, राहू दे," ती म्हणाली, आणि मग जोनकडे वळून इंग्रजीत बोलायला लागली.

माझ्या आईचं इंग्रजी कामापुरतं होतं, बाबांचं ऑफिसातलं, माझं शाळेच्या आवारातलं. हे त्यांपैकी कुठलंच नव्हतं. हे जुन्या मिशनच्या शाळेतलं इंग्रजी होतं, सावकाश, स्पष्ट, प्रत्येक शब्द वेगळा. आवाजही तिचा नव्हता. कुणीतरी तरुण, ताठ बाई बोलत होती. बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. आई उठून उभी राहिली आणि मग, उठून काय करायचं ते न सुचून, परत बसली.

"हो," आत्या म्हणाली. "मी त्यांना तीन दिवस पाहिलं."

तिने सांगितलं ते मी आता मराठीत लिहिते आहे. ऐकलं ते इंग्रजीत, आणि त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यासाठी भाषांतर करावं लागलं नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, मौलमेनच्या रेल्वे स्टेशनात तारमास्तर होते. जपानी आले तेव्हा बाकीचे हिंदुस्थानी लोक पायी भारताच्या वाटेला लागले. पणजोबांचे पाय अधू होते, ते राहिले, आणि ती त्यांच्यासाठी राहिली. ती वीस वर्षांची होती. ठाण्यात धुणंभांडी करायला माणसं हवी होती. पणजोबांना ओळखणाऱ्या एका करेण, म्हणजे तिकडच्या डोंगरी जमातीच्या, शिक्षकाने तिला विचारलं, तू जाशील का? काम एवढंच, की तुला मराठी आणि मोडकं बर्मी सोडून काही येत नाही असं दाखवायचं. तिथे जपानी अधिकारी होते, आणि त्यांच्या हाताखाली आपलेच हिंदुस्थानी दुभाषे. दोघांचं एकमेकांशी बोलणं व्हायचं ते इंग्रजीत, कारण दोघांना समजणारी दुसरी भाषा नव्हती. ती त्यांच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालायची आणि ऐकायची. कॉलरच्या आतल्या खुणांवरून कुठली पलटण आली ते कळायचं. खिशांत चिठ्ठ्या सापडायच्या. कपडे ओलेच परत मागितले तर पलटण निघाली. हे ती शिक्षकाला सांगायची, शिक्षक पुढे, आणि डोंगरातून कुणीतरी वायरलेसवर ते भारतात पाठवायचा. साखळीत सगळी मिळून आठ माणसं होती. त्यात तिचे वडीलही.

"ते अधूनमधून परीक्षा घ्यायचे," आत्या म्हणाली. "दुभाषा माझ्या पाठीमागे येऊन इंग्रजीत हळूच म्हणायचा, तुझ्या पायाशी साप आहे. माझा पाय हलला असता तर आम्ही आठही जण गेलो असतो. मी साबण चोळत राहायची. चेहऱ्याला शिकवावं लागतं. माझा शिकला होता."

मग एके दिवशी त्यांनी एका गोऱ्या माणसाला आणून अंगणाच्या कडेच्या कोठीत ठेवलं. कोठीला गजांची खिडकी होती आणि खिडकीसमोरच कपडे वाळत घालायची तिची दोरी. पहिल्या दिवशी त्याने तिला पाणी मागितलं. इंग्रजीत. त्याच्या दोन महिने आधी त्यांनी असाच एक कैदी त्याच कोठीत ठेवला होता, त्याच्याशी बोलणाऱ्या भाजीवालीला नेलं होतं, आणि तो कैदी कैदी नव्हताच. पहारेकरी ओसरीवर बसून तिच्याकडे बघत होता. "माझ्या हातात पिळायचे कपडे होते," आत्या म्हणाली. "पाणी माझ्या कोपरावरून गळत होतं. मी मराठीत म्हटलं, मला समजत नाही. आणि दोरीवर शर्ट टाकला."

जोनने विचारलं, "पाणी मागायला भाषा लागते? त्यांनी हाताने खूण केली नसेल?"

"केली होती," आत्या म्हणाली. "ओंजळ करून दाखवली होती. इंग्रजी न येणाऱ्या बाईलाही ती कळली असती. त्या बाईने कदाचित पाणी दिलंही असतं. मी इतकी घाबरले होते की इंग्रजी न येणारी बाई कशी वागेल हेच मला सुचेना. मी नुसती निघून गेले. दुसऱ्या दिवशीही. मी त्यांना पाणी दिलं नाही, मिस वेदरबी. तुम्ही आलात ते ऐकायला आलात, तर हे आधी ऐका."

बाहेर कुणाची तरी मुलं सायकलवरून ओरडत गेली. जोनने फोटो परत घेतला, पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली.

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी त्यांनी काही मागितलं नाही. ते म्हणाले, मला वाटतं तुला समजतं. उत्तर देऊ नकोस. नुसतं काम करत राहा. आणि मग त्यांनी बायकोसाठी निरोप सांगितला. चौथ्या दिवशी सकाळी कोठी रिकामी होती, आणि धुण्यात त्यांचा शर्ट आला."

"काय निरोप?"

"तो तुमच्या आईसाठी आहे."

"मी तिची मुलगी आहे. मला सांगा. चाळीस वर्षं झाली."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "पण त्यांनी नाव घेऊन बायकोला सांगायला सांगितलं होतं. तुमची आई आहे?"

जोन उठली. "आहे," ती म्हणाली. कोटाची बटणं लावली, केकला कुणी हात लावला नव्हता. दारापाशी मागे वळून ती म्हणाली, "तुम्ही हे तिला तिच्या तोंडावर सांगायला या. पाण्याचंसुद्धा. मी नाही सांगणार."

"येते," आत्या म्हणाली.

त्यानंतरचे दिवस घरात फार वाईट गेले. बाबा तिच्याशी बोलेनात. ज्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घातलं, तिला आपण ओळखतच नव्हतो, याचा त्यांना राग होता की दुःख, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आईची गोष्ट निराळी होती. ती दोन दिवस किचनमध्ये आत्याच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. तिसऱ्या दिवशी मी जिन्यावर बसून बूट घालत होते, तेव्हा मला आतलं ऐकू आलं.

"आत्या, तुम्हाला सगळं कळत होतं? सात वर्षं?"

"हो."

"मिरजेचं? मी जे जे बोलले ते?"

"हो गं."

"मग एकदा तरी बोलायचं होतं मला. थोबाडीत मारायची होती."

"तू मला ऐकवायला बोलत नव्हतीस ना," आत्या म्हणाली. "मग मी ते ऐकलं नाही, असंच धरायचं."

आईचा रडण्याचा आवाज आला आणि मी बूट न बांधताच शाळेला पळाले. मिरजेचं नाव पुन्हा आमच्या घरात निघालं नाही. पण आईबाबांना चोरून बोलायला भाषाही उरली नाही. ते दोघं काही बोलायचं असलं की गाडीत जाऊन बसायचे.

बर्मिंगहॅमला तिच्याबरोबर मी गेले, कारण बाबा अजून रुसलेले होते आणि तिला एकटीला कुणी सोडलं नसतं. ट्रेनमध्ये ती खिडकीशी बसली होती, सुती साडी, त्यावर बाबांचा जुना ओव्हरकोट, पायांत मोजे आणि बूट. वॉटफर्ड स्टेशन गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्या, लढाई संपल्यावर का नाही सांगितलंस कुणाला?"

"इंग्रज साहेबाने विचारलं होतं," ती म्हणाली. "टेबलापलीकडे बसून सगळं लिहून घेतलं त्याने. पलटणी, गाड्या, तारखा. शाबासकी दिली. मग म्हणाला, आणखी काही? मी म्हटलं, नाही. निरोप सांगितला असता तर पाण्याचं सांगावं लागलं असतं. मला वाटलं, उद्या सांगेन. मग आमचे बाबा तापाने गेले. मग बोट आली. त्यानंतर इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की आधी तेच यायचं जिभेवर. म्हणून उघडलंच नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझ्या बाबांना वाटतं मी त्याला फसवलं. मी कुणाला फसवायला गप्प नव्हते बसले."

जोन स्टेशनवर आली होती. बसने आम्ही एका चढावरच्या रस्त्यावर उतरलो, विटांच्या सारख्या घरांची रांग. तिची आई, ईडिथ, पुढच्या खोलीत गॅसच्या शेगडीजवळ बसली होती. लहानशी, गुलाबी, पाय सुजलेले, केस नीट बांधलेले. तिचा दुसरा नवरा, जॉर्ज, काही वर्षांपूर्वी वारला होता. शेल्फावर त्याचा फोटो होता, राल्फचा नव्हता. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. आत्या उभीच राहिली आणि तिने पाण्याचं सांगितलं. तीनही दिवसांचं, काही न गाळता, जोनला सांगितलं त्याहून थोडं जास्तच. ईडिथ शेगडीकडे बघत ऐकत होती.

"आता निरोप," ती म्हणाली.

आत्याने दोन्ही हात कोटाच्या खिशांतून बाहेर काढले. "ते म्हणाले, ईडिथला सांग, मी फार घाबरलो आहे. कुणी तिला दुसरं काही सांगितलं तर तिने ते खरं मानू नये. पण मी अगदी एकटा नाही. इथे एक मुलगी कपडे वाळत घालते, ते वाळताना मी बघत असतो. बाळाला माझं काही आठवणार नाही, तेच बरं. आणि ईडिथला सांग, थांबू नकोस. माझी वाट बघत थांबायचं नाही."

मी जोनकडे बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"मी नऊ वर्षं थांबले," ईडिथ म्हणाली. "त्यांनी 'बहुधा' लिहिलं होतं. त्या 'बहुधा'वर नऊ वर्षं. जॉर्जने मला तीनदा विचारलं. मी तिशी ओलांडून गेले, मला आणखी मुलं हवी होती. आणि तुमच्याजवळ हे होतं."

"हो," आत्या म्हणाली.

"तुम्ही यायला हवं होतं. नाहीतर लिहायचं होतं. पत्राला काय लागतं?"

"हो."

"मी याची माफी देणार नाही."

"मी मागायला आले नाही," आत्या म्हणाली. मला वाटलं, आता संपलं, आता निघायचं. मी पायाशी ठेवलेली पिशवी उचललीसुद्धा. पण आत्या हलली नाही, आणि ईडिथने जा म्हटलं नाही. तिने जोनला चहा टाकायला आत पाठवलं. दार लागल्यावर ती पहिल्यांदा आत्याकडे नीट बघत म्हणाली, "घाबरलो आहे, असं म्हणाला?"

"फार घाबरलो आहे, असं म्हणाले."

"सगळ्यांनी मला लिहिलं, तो निर्भय होता. त्याचा कर्नल, पाद्री, त्याच्याबरोबरचे लोक. सिंहासारखा, असं एकाने लिहिलं होतं. राल्फ! तो कुत्र्यांना घाबरायचा. दात काढायला मी बरोबर लागायची. मी ती पत्रं वाचायची आणि मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याबद्दल लिहितायत, यांचा घोटाळा झालाय, मेलाय तो दुसराच कुणी आहे." तिने शालीचं टोक मुठीत धरलं होतं. "थांबायचं नाही तर काय करणार होते मी? त्यांनी सांगितलेला माणूस माझा नवरा नव्हताच."

आत्या खाली वाकून तिच्यासमोरच्या स्टुलावर बसली. न विचारता.

"पुन्हा सांगा," ईडिथ म्हणाली. "त्याने म्हटलं तसं सांगा. आवाज नाही येणार तुम्हाला, पण शब्द तेच सांगा."

आत्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. "टेल ईडी—" म्हणाली आणि थबकली. डोळे उघडून घाईघाईने म्हणाली, "माफ करा. मघाशी मी मुद्दाम ईडिथ म्हटलं. तुम्ही वयाने मोठ्या, पहिल्यांदाच भेटलो, म्हटलं असं लहान करून नाव कसं घ्यायचं. पण ते ईडी म्हणाले होते."

जोन ट्रे घेऊन दारात उभी राहिली होती. ईडिथने एक हात तोंडावर ठेवला होता, आणि दुसरा पुढे करून माझ्या आत्याच्या ओव्हरकोटाची बाही धरली होती.

"हं," ती बोटांआडून म्हणाली. "तोच. आता पुढे सांगा."